वाळूचं पोतं घाबरत नाही

मी तरुण होते तेव्हाची गोष्ट. म्हणजे बासष्ट वर्षांची. आता सत्तरी ओलांडल्यावर त्या बाईकडे बघते तेव्हा हसू येतं, आणि तिच्या हातातली मोजपट्टी हळूच काढून घ्यावीशी वाटते. बाई नुकती निवृत्त झालेली, चिंचवडच्या एका कारखान्यात इंजिनांच्या चाचणी विभागात जन्म काढलेला, आणि जगात जे जे आहे ते मोजता येतं अशी ठाम समजूत. घरी कुकरच्या शिट्ट्यांमधलं अंतर ती घड्याळावर बघायची. पोहे किती वेळ भिजवायचे ते पोह्यांच्या जाडीवरून ठरवायची. नवऱ्यानं "आज चहा छान झालाय" म्हटलं की विचारायची, "कालच्यापेक्षा?"

"कालचा कप आणून ठेव समोर, मग सांगतो," हे म्हणायचे.

निवृत्तीनंतर अशा बाईला घरात ठेवणं कुणालाच परवडणारं नव्हतं. सुदैवानं शहराच्या कडेच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातून बोलावणं आलं. तिथल्या मेकॅनिकल आणि मॅनेजमेंट या दोन विभागांनी मिळून एक संशोधन हाती घेतलं होतं. विषय असा, की एखादं यंत्र अजून बनतंच आहे, पुरं झालेलं नाही, तेव्हा ते ठीक बनतंय की नाही हे मोजायचं कसं? सगळं बनून उभं राहिल्यावर फसलं असं कळून काय उपयोग? म्हणून वाटेतच मोजत जायचं. मेकॅनिकलवाले यंत्र बनवणार, मॅनेजमेंटवाले त्यांचं बनवणं मोजणार, आणि दोघांच्या मध्ये तक्ते घेऊन मी बसणार. मला तर स्वर्ग मिळाल्यासारखं झालं.

यंत्र होतं जिना चढणारी-उतरणारी खुर्ची. खाली रणगाड्यासारखे रबरी पट्टे, मागे मोटर, त्यामागे धरायला दांडा. भिंतीला काही ठोकायचं नाही, जिना फोडायचा नाही. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींमधल्या म्हाताऱ्यांसाठी. बनवणारी एम.टेक.ची एक मुलगी होती, वर्ध्याकडची. हुशार, कामसू, आणि मला तोंडावर "मॅडम" व पाठीमागे "आजी" म्हणणारी.

माझे तक्ते भिंतभर लागले. खुर्चीचं वजन, मोटर घेते तो करंट, झुकाव, आवाज, एक मजला उतरायला लागणारा वेळ. प्रत्येकाची एक रेघ: आज इतकं असायला हवं, पुढच्या महिन्यात इतकं, शेवटी इतकं. रेघेच्या दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक. मोजमाप त्या मोकळिकीच्या आत आलं तर हिरवं, कडेला आलं तर पिवळं, बाहेर गेलं तर लाल. दर पंधरवड्याला सगळे जमायचे आणि मी छडी घेऊन रंग वाचून दाखवायचे. पिवळा रंग दिसला की माझा आवाज चढायचा. मॅनेजमेंटचे सर, जे माझ्या मुलीपेक्षाही लहान, ते मान खाली घालून टिपणं घ्यायचे.

खुर्चीत बसवायला आमच्याकडे एक वाळूचं पोतं होतं. मध्यम बांध्याच्या माणसाच्या वजनाचं. पट्ट्यानं नीट बांधायचं, कलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी उशा लावायच्या. मुलं त्याला 'काका' म्हणायची. "काका उतरले का?" "काका बसलेत, सुरू करू?" असं चालायचं. काका फार सोशिक. कधी तक्रार नाही.

एका बैठकीत त्या मुलीनं हात वर केला. "मॅडम, बसणाऱ्याला भीती वाटते का, हे बी मोजलं पाहिजे ना?"

मी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. बासष्ट वर्षांच्या तरुणीला एवढं चांगलं वाक्य सुचायची संधी रोज येत नाही. म्हणाले, "भीतीचं एकक काय?"

सगळे हसले. मुलगी खाली बसली. ते वाक्य मला इतकं आवडलं की घरी येऊन यांनाही ऐकवलं. हे पेपर वाचत होते. पानामागून एवढंच म्हणाले, "वा."

हे सगळं आमच्या घरात अपघात होण्यापूर्वीचं.

आम्ही शनिवार पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारत चाळिसेक वर्षांची, लिफ्ट नाही. तिथल्याच वरच्या जिन्यात दिवाळीच्या आधी हे पडले. हातात दुधाची पिशवी होती, वरून चौथ्या की पाचव्या पायरीवर पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, आणि दवाखान्यातून परत आले ते दोन माणसांनी खुर्चीत घालून उचलून. सगळी इमारत दारात उभी होती. यांनी पूर्ण वेळ डोळे मिटून घेतले होते. घरात आल्यावर म्हणाले, "पुन्हा असं नेऊ नका मला. जिवंतपणी तरी."

सपाटीवर वॉकर घेऊन हळूहळू चालू लागले. जिना मात्र डॉक्टरांनी बंद केला. त्या दिवसापासून यांचं जग म्हणजे तिसऱ्या मजल्याचा सज्जा. खालच्या पेपरवाल्याशी वाद घालणारा माणूस सज्ज्यातून त्याच्या टकलाकडे बघत बसू लागला.

आमची मुलगी वारज्याला राहते. नवी सोसायटी, दोन लिफ्ट, खाली बाग. ती वाईट नाही हो, काळजीनंच बोलते. फोनवर मला म्हणाली, "आई, सहा महिन्यांनी बाबांना तपासणीला न्यायचंय. तेव्हा परत माणसं बोलावून उचलून न्यायचं असेल, तर परत वर नेणार नाही मी. तिथून सरळ वारज्याला. एक खोली रिकामीच आहे."

"त्यांना नाही करमणार गं तिथं."

"आणि सज्ज्यात करमतंय?"

मी फोन ठेवला. यांना सांगितलं तेव्हा यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "वारज्याला माझं कोण आहे?"

"लेक आहे."

"लेक सकाळी आठला ऑफिसला जाते. मग?"

तेव्हा मला, अर्थातच, खुर्ची आठवली. आमच्या तक्त्यावर ती एव्हाना सगळीकडे हिरवी झाली होती. पुढची पायरी म्हणजे खऱ्या इमारतीत खरी चाचणी. मी सरांना म्हटलं, इमारत माझी घ्या, माणूसही माझाच घ्या. संशोधनाचं संशोधन आणि घरचं काम घरात. केवढी हुशार बाई! नवऱ्याला त्याच जिन्यातून उतरवायचं, जिथं तो पडला, आणि एका क्षणालाही तिच्या मनात आलं नाही की या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल. जिन्याचा उतार तिनं मोजला होता ना. मग झालं.

आधी पोतं उतरवलं. मुलगी मागे दांडा धरून, मी टॅबलेटवर आकडे बघत. काका तिसऱ्या मजल्यावरून रस्त्यापर्यंत गेले आणि परत आले. हे दारात वॉकरवर रेलून बघत होते.

"बघितलंत? कुठं अडखळली सुद्धा नाही."

"काका चांगले उतरतात," हे म्हणाले.

दोन दिवसांनी सकाळी यांची पाळी. यांनी स्वच्छ सदरा घातला, दाढी केली. खुर्चीत बसल्यावर पट्टा आवळला. खुर्चीचं तोंड उतरताना खालच्या बाजूला असतं, कारण वजनाचा तोल तसाच नीट राहतो. ते माझ्या तक्त्यावर होतं. खुर्ची जिन्याच्या काठावर आली तेव्हा हे म्हणाले, "समोर काहीच नाहीये की."

"जिना आहे ना."

"तेच."

मुलीनं बटण दाबलं. पट्ट्यांनी पहिली पायरी धरली, दुसरी धरली, आणि खुर्ची थांबली. ब्रेक लागले. मोटरला गरजेपेक्षा जास्त जोर लावावा लागला की ती आपोआप थांबते, कारण काहीतरी अडकलं असा तिचा समज होतो. ही मर्यादा कडक ठेवा म्हणून मीच हटून बसले होते.

मुलीनं पुन्हा सुरू केली. हातभर सरकली, पुन्हा थांबली. परत सुरू, परत थांबली.

मी टॅबलेट बघितला. वजन हिरवं. झुकाव हिरवा. बॅटरी भरलेली. करंट मात्र उसळून लाल. "पट्ट्यात काहीतरी गेलं असेल," मी म्हणाले. "खाली वाकून बघ." मुलगी वाकली, बघितलं. काही नव्हतं.

वर चढायचं बटण दाबलं तरी खुर्ची तशीच थांबत होती, ओढून घेणं आम्हा दोघींना शक्य नव्हतं आणि खाली ती जात नव्हती. यांना पट्टा सोडून उठवायचं तर पाय पायरीवर टेकायचा, आणि तो टेकायचा नाही असं डॉक्टर बजावून बजावून थकले होते. उचलायला माणसं बोलवायची तर लेकीला कळणार, आणि मग वारजं ठरलेलंच. यांच्या कपाळावर घाम आला होता. आयुष्यभर ज्याची बडबड थांबावी म्हणून मी प्रार्थना केली तो माणूस गप्प होता, आणि मला ते सहन होत नव्हतं. तरी मी काय करत होते? आकडे बघत होते. बोटानं पडदा वरखाली करत होते, जणू पुढच्या पानावर नवरा दुरुस्त झालेला सापडणार होता.

दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडलं. वर बघून म्हणाल्या, "अडकलात का? मग दार उघडंच ठेवते. चहा द्यायला बरं पडेल."

"चाचणी चालू आहे," मी म्हणाले.

"हो का? मला वाटलं बंद पडलीये."

तेवढ्यात मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, आजोबांचा हात बघा ना. घाबरून राहिले ते."

मी पहिल्यांदा टॅबलेटवरून मान उचलली. यांचा उजवा हात कठड्यावर होता. बोटं पांढरी पडली होती. मोटर खाली ढकलत होती आणि हे इमारतीला धरून बसले होते.

"अहो, कठडा सोडा. त्यामुळेच थांबतेय ती."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे? मग सोडा की!"

"नाही."

"अहो, असं काय करता? काका नाही का व्यवस्थित उतरले?"

"त्यांना हात आहेत का?"

"नाहीत."

"तेच म्हणतोय मी."

मी त्यांना समजवायला म्हणून खुर्चीच्या बाजूनं अंग चोरून खाली उतरले आणि त्यांच्या समोर, दोन पायऱ्या खाली, त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिले. ब्रेक कसे काम करतात ते सांगू लागले. दोन ब्रेक आहेत, एक निकामी झाला तरी दुसरा धरतो, पट्टे एका वेळी तीन पायऱ्यांवर टेकलेले असतात. हातवारे करत होते. यांचे डोळे माझ्याकडे नव्हतेच, माझ्या खांद्यावरून खाली जिन्याच्या तळाशी लागले होते. मुलीनं तेवढ्यात पुन्हा एकदा बटण दाबलं होतं. आणि तीन पायऱ्या कशा ते दाखवताना मी एक पाऊल मागे टाकलं, तर तिथं पायरी हवी तेवढी रुंद नव्हती.

माझा तोल गेला. खरोखर गेला. एक हात हवेत, टॅबलेट हवेत, आणि डोक्यात एकच विचार, की आता आम्ही दोघंही वारज्याला.

यांचा हात कठड्यावरून सुटला आणि माझ्या मनगटावर बसला. इतका घट्ट की बांगडी रुतली. "आंधळी झालीस का?" हे ओरडले. आणि खुर्ची चालू लागली.

मुलीनं ती थांबवली नाही. शहाणी पोर. मी उलटी उतरत होते, हे माझं मनगट धरून होते आणि माझ्या पायांकडे बघत सांगत होते, "पायरी. पायरी. सावकाश. अजून एक. आता सपाट आहे, वळ." दुसऱ्या मजल्यावरच्या बाई चहाचा कप घेऊन दारात होत्या. त्यांच्यासमोरून आमची वरात गेली. कठड्याकडे यांनी पुन्हा पाहिलंसुद्धा नाही. खाली दारापर्यंत पोचलो तरी हे मला बोलतच होते, "या वयात उलटं उतरतात का? काही अक्कल?"

कोपऱ्यावरच्या पेपरवाल्यानं यांना पाहून हात कपाळाला लावला. "साहेब! गावाला होता का इतके महिने?"

"हो. तिसऱ्या मजल्यावर."

पंधरा मिनिटं तिथं बसून यांनी त्याच्याशी महापालिकेवरून भांडण उरकलं. वर जातानाही खुर्चीचं तोंड खालीच असतं, त्यामुळे मी खालच्या बाजूनं यांच्याकडे बघत मागून चढले. यांचा हात दोनदा कठड्याकडे गेला, पण टेकला तसा उचललाही.

पंधरवड्याच्या बैठकीत सरांनी आकडे बघितले आणि त्यांचा चेहरा पडला. हिरव्या भिंतीत एक लालभडक दिवस. "मॅडम, चाचणीच्या पद्धतीत बसत नाही हे. नमुन्याबाहेरचं म्हणून वगळू या ना."

"तो नमुना माझा नवरा आहे," मी म्हणाले.

सर गडबडले. मग दुसरं काढलं त्यांनी, आणि ते मात्र बरोबर होतं. जिन्यावर यंत्राच्या खालच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही, हा कॉलेजचा सुरक्षेचा नियम. मी त्या दिवशी जे केलं ते पुन्हा करता येणार नव्हतं. "तपासणीच्या दिवसापर्यंत खुर्ची तुमच्याकडे राहील," ते म्हणाले. "समोर कुणी नसताना काका तिन्ही मजले..." मग स्वतःच जीभ चावली, "म्हणजे साहेब... तिन्ही मजले न थांबता उतरले, तर पुढेही तुमच्याकडे ठेवता येईल, प्रत्यक्ष वापराची चाचणी म्हणून. नाहीतर परत आणावी लागेल."

म्हणजे आता यांचं घर एका खुर्चीवर, खुर्ची यांच्या उजव्या हातावर, आणि तो हात माझ्या ताब्यात नव्हता.

बैठकीनंतर मुलगी माझ्याजवळ आली. "मॅडम, तुम्ही म्हणे ना, एकक काय म्हणून? मी तं मोजत होती त्या दिवशी. आजोबांचा हात किती येळा कठड्याकडे गेला ते."

दुसरा एखादा दिवस असता तर मी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं असतं. त्या दिवशी तिथल्या तिथं भिंतीवर नवी रेघ मारली: कठड्याला हात. एका जिन्यात किती वेळा. मोकळीक शून्य. रंग लाल.

मग रोज सकाळी आमची तालीम. नियम पाळून मी एक वळण पुढे राहायचे. खुर्ची वरच्या जिन्यात असेल तेव्हा मी खालच्या; मधल्या मोकळ्या जागेतून एकमेकांना दिसायचो. पहिल्या दिवशी नीट, सरळ, शहाण्या बाईसारखी उतरले. वरून मोटर थांबल्याचा आवाज आला. पुन्हा सुरू, पुन्हा थांबली. यांना मधल्या सपाटीवरून परत वर न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशीही तेच. यांनी जेवताना भाजी ढवळत म्हटलं, "वारज्याला सज्जा कुठल्या बाजूला आहे गं?" मी यांच्या ताटात आणखी भाजी वाढली.

तिसऱ्या दिवशी माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी खालच्या जिन्यात एक पाय फरफटत उतरू लागले, आणि मोटरच्या आवाजावर चढून वरून यांचा आवाज आला: "ती चप्पल काढून हातात घे! पडशील!" मी वर पाहिलं. यांचा हात कठड्यावर नव्हता. माझ्याकडे बोट दाखवत होता.

मुलीनं कागदावर त्या जिन्यापुढे काहीच लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही झालंच नव्हतं.

झालं. बासष्ट वर्षांच्या त्या बाईला नवा उद्योग मिळाला. दुसऱ्या दिवशी ती उलटी उतरली. नंतर मोबाईल कानाला लावून, पलीकडे कुणी नसताना मोठमोठ्यानं हसत. पदर मुद्दाम लोळवत. भाजीची पिशवी दोन्ही हातांत धरून, पाय दिसणार नाहीत अशी. वरून शिव्याशाप चालू: "अगं पदर! फोन ठेव आधी! कुणाशी बोलतेयस एवढं? वळून उतर!" आणि खुर्ची निमूट येत राहायची. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्हाला चक्कर वगैरे येते का? नाही, अलीकडे तुमचं उतरणं जरा... वेगळं वाटतं."

मोजण्याची खोड तेव्हाही गेली नव्हती. कुठल्या आगाऊपणाला हात किती वेळा जातो तेही मी बघत असे. उलटं उतरणं सर्वांत गुणकारी. मोबाईल दुसरा. रेघ खाली येत होती, लालाची पिवळी झाली. पण मला झोप लागेना. मी मोजत काय होते? खुर्ची? यांची भीती? की मी किती वाईट उतरते ते? सरांनी विचारलं, "मॅडम, सुधारणा नेमकी कशामुळे झाली?"

"यंत्राबाहेरच्या एका घटकामुळे."

"तो घटक तक्त्यात घ्यायला हवा."

"नका घेऊ. वय लिहावं लागेल."

मुलीला खोकला आला. पण गंमत सोडली तर प्रश्न खराच होता. माझे गुडघे काही नवे नव्हते. उद्या मी तापानं पडले, तर? यांना रोज कुणासाठी घाबरवायचं?

तपासणीचा दिवस आला. लेक सकाळीच आली. गल्लीत गाडी आत येत नाही म्हणून तोंडाशी लावली होती. ती वर आली नाही. फोनवर म्हणाली, "मी खालीच थांबते, आई. मला बघवणार नाही." नंतर चाचरत म्हणाली, "बाबांचे चार कपडे मी मागच्या वेळी नेले होते ना, ते गाडीत आहेत. म्हणजे... लागले तर."

यांनी ते ऐकलं होतं. सदऱ्याची बटणं लावत होते, एक बटण चुकलं. मी पुढे होऊन नीट लावायला गेले तर म्हणाले, "राहू दे. चालेल तसं."

वरचा जिना उतरला. हात मांडीवर. दुसरा जिना, मी उलटी, पदर लोळत. वरून काहीच आवाज नाही. मी जरा जास्तच डुलले. तरी काही नाही. सपाटीवर खुर्ची येऊन थांबली. मुलीनं ती वळवून घेतली, आणि मी पुढच्या जिन्याच्या दोन पायऱ्या उलट्या उतरले, तेवढ्यात हे म्हणाले, "पुरे आता ते."

"काय?"

"ते सोंग. मला कळतं."

मी पदर खांद्यावर घेतला. "कधीपासून?"

"पहिल्या दिवशी खरंच तोल गेला होता ना तुझा?"

"हो."

"तो एक दिवस सोडून सगळे." मग मुलीकडे न बघता, खाली जिन्याकडे बघत म्हणाले, "वळ आणि सरळ उतर. कठडा धरून. मोडशील एखादे दिवशी."

"मग तुम्ही?"

"मी बसलोय ना खुर्चीत."

मी वळले. खरं सांगते, त्यापेक्षा उलटं उतरणं सोपं होतं. आता मला यांचा हात दिसत नव्हता. फक्त पाठीमागून मोटरचा आवाज. बारीक गुणगुण, एकसारखी. मी कठडा धरला होता आणि प्रत्येक पायरीवर कान मागे. आवाज थोडा चढला की पाय थबके. तो पुन्हा खाली आला की पुढचं पाऊल. मागे दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडं होतं, तिथून कुणी काही बोललं असेल तर मला ऐकू आलं नाही. पहिला मजला. अंधारं वळण, जिथं पायऱ्या जरा झिजल्यात. तिथं आवाज चढला. चढतच गेला. मी डोळे मिटून घेतले आणि वाट बघितली की आता ब्रेकचा खटका येईल, आता येईल. नाही आला. आवाज हळूहळू उतरला, जसा एखादा माणूस धरलेला श्वास सोडतो तसा.

खाली दारात लेक उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या डोक्यावरून वर बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला काही म्हणजे काही कळेना. मी शेवटची पायरी उतरून बाजूला झाले. वळणावरून मागोमाग खुर्ची आली, पट्टे फरशीवर टेकले, आवाज बंद झाला. यांचे दोन्ही हात मांडीवर होते, एकमेकांत इतके घट्ट अडकवलेले की सोडवायला वेळ लागला.

लेकीनं यांचा वॉकर उघडून पुढे ठेवला.

यांनी उठून वॉकर धरला, श्वास घेतला आणि गल्लीच्या तोंडाशी उभ्या तिच्या गाडीकडे बघत म्हणाले, "तपासणी झाली की परत इथंच आणून सोड. वाटेत वारजं लागत नाही, मला रस्ता माहीत आहे."